खालच्या दोन तारा उघड्याच

२ मार्च, रविवार

मिलिंदने आज सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात गाणं मारलं. हैदराबादेत आमच्या कोंडापूरच्या सोसायटीतलं मराठी मंडळ म्हणजे मिलिंद, हे इथे लिफ्टमनलाही माहीत आहे. एक मेच्या कार्यक्रमाची सुरुवात नव्या गाण्याने करायची, शब्द तो लिहिणार, रसिका गाणार आणि चाल? "चाल प्रज्ञेश बांधेल. किती दिवस नुसता मागे बसणार?"

मागे बसतो हे खरं. दुसऱ्यांच्या गाण्यांमागे चार कॉर्ड वाजवायच्या, संपलं की खुर्च्या उचलायच्या. लोक मला नावाने कमी आणि "गिटार" म्हणून जास्त ओळखतात. "गिटार आली का?" विचारतात, तेव्हा मी आलो का ते विचारत असतात.

मी हो म्हणालो. लाज वाटावी इतक्या लगेच म्हणालो. रसिकाला हसू आलं असावं.

आता निस्तरा. माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट लहानपणी दुकानाच्या शटरखाली सापडलं होतं, तेव्हापासून ते सरळ होत नाही. बार कॉर्ड धरायची तर ते बोट सहाही तारांवर आडवं झोपवावं लागतं. माझं झोपत नाही, मधे कमान करून उभं राहतं, आणि खालच्या दोन तारा फट्‌ फट्‌ वाजतात. चाळिशी आली, अजून F लागत नाही. मंडळात हे कुणाला ठाऊक नाही. F आला की मी आवाज कमी करतो आणि मान जोरात हलवतो.

५ मार्च, बुधवार

ऑफिसातून आलो की हेच चालू आहे. दाबता येत नाहीत त्या तारा दाबायच्याच नाहीत, उघड्या सोडायच्या, असं ठरवलंय. खालच्या दोन बारीक तारा, B आणि E. साधी E कॉर्ड धरली, तोच आकार तसाच उचलून पाच घरं पुढे नेला आणि या दोन तारांना हातच लावला नाही. झाली A. पण नुसती A नाही. तिच्यात B पण वाजतो, नववा सूर, आणि सगळं कसं मोकळं होतं. बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखं.

स्वप्ना स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काय वाजवलं? चांगलंय की." आमच्या बायकोकडून "चांगलंय" म्हणजे राष्ट्रपती पदक. ती जामबागच्या एका शाळेत गणित शिकवते, कुणालाच पूर्ण मार्क देत नाही.

मग आणखी एक सापडली, चुकून. पाचव्या तारेवर पाचवं घर, चौथीवर चौथं, तिसरीवर दुसरं, आणि खालच्या दोन उघड्याच. बोटं तिरकी उतरतात, जिन्यासारखी. हिचं नाव काढायला तासभर गेला. D, F शार्प, A, B, E. खाली D वाजतो म्हणून D धरून मोजलं तर D सिक्स-नाईन. तेच पाच सूर B पासून मोजले तर B मायनर सेव्हन, वर अकरावा. फोनमधलं ॲप दोन्ही नावं दाखवतं आणि खाली प्रश्नचिन्ह. म्हणजे सूर तेच, तुम्ही घर कुठलं मानता त्यावर नाव. परेशान झालो. मी आपलं D म्हणायचं ठरवलं. लोकांना D बरा वाटतो.

९ मार्च, रविवार

चाल सापडली!

या दोन तारा सतत वाजत ठेवायच्या आणि त्यांच्याखाली कॉर्ड बदलत न्यायच्या, एवढाच खेळ करत होतो आणि तोंडातून एक ओळ आपोआप यायला लागली. E मध्येच आली, का कुणास ठाऊक. वरून खाली उतरताना D वर जराशी टेकते, आणि तिथे माझी ती जिन्याची कॉर्ड अशी बसते की बस.

वळण थोडं बाबांच्या एका गाण्यासारखं जातं. थोडंच. बाबांचं जलद आहे, ढोलकीवरचं. हे संथ आहे, याच्यात नववा सूर आहे. सगळ्याच चाली कुठे ना कुठे एकमेकींसारख्या असतात.

संध्याकाळी मिलिंदकडे वाजवून दाखवली. रसिकाचा आवाज ढाला, तिला E मस्त बसतो. तिने गुणगुणली. मिलिंदचे डोळे भरून आले, खोटं नाही. "कुणाची रे ही चाल?"

"सुचली," मी म्हणालो.

"वाटलंच मला! घरात गाणं असणार. बिलोलीकर, म्हणजे देशस्थ ना तुम्ही?"

मी हसलो.

हसणं म्हणजे हो नव्हे. पण नाही तर नव्हेच नव्हे. आजोबांनी बाबांना शाळेत घालताना जुनं आडनाव सोडून गावाचं नाव लावलं, ते याच प्रश्नातून पोरगं सुटावं म्हणून. आम्ही बौद्ध. आईबाबांच्या गौलीगुड्यात हे सांगावं लागत नाही, आणि कोंडापुरात अजून कुणी सरळ विचारलेलं नाही. मी कधी खोटं बोललेलो नाही. हे वाक्य लिहून परत वाचलं, आणि आवडलं नाही.

१६ मार्च, रविवार

मिलिंदने शब्द पाठवले. "कड्याकपारी निजली माय, सह्याद्रीचे धुई ते पाय." हैदराबादेत बसून सह्याद्री. असो, मीटरात बसतंय.

कार्यक्रमपत्रिका पण पाठवली. संगीत, प्रज्ञेश बिलोलीकर. किती वेळा उघडून पाहिली, ते लिहीत नाही.

२३ मार्च, रविवार

गौलीगुड्याला गेलो. गिटार बरोबर नेली, कशाला नेली देव जाणे.

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊनही घर डेपोच्या मागच्याच गल्लीत. चौऱ्याहत्तर झाले, तरी विहारातल्या गायनात पुढे तेच. आई मागे झील धरते, म्हणजे बाबांनी ओळ टाकली की तिचा तो एक सूर कायम लावून ठेवते.

"काय वाजवायलास आजकाल?" बाबांनी विचारलं.

मी दोन कॉर्ड वाजवल्या. मग पुढची. मग हात थांबेनात. बाबा कान देऊन ऐकत होते. चाल D वर टेकली तसे हसले.

"हे तर आपलं हाय की रे."

"हौ," मी म्हणालो. "तुमच्यावरूनच सराव करायलोय."

ते उठून माझ्याशेजारी येऊन बसले आणि गायला लागले. सूर न घेता, न विचारता, सरळ माझ्याच E वर.

"फाटली वही तर शिव गं माय,
अक्षर भीमाचं त्यात हाय..."

बाबा आयुष्यभर पांढरी तीनमध्ये गातात. पांढरी तीन म्हणजे E. मला हे काय आज कळलं? आईने भाजी निवडता निवडता झील लावली, तिचा सूर B. माझ्या खालच्या दोन तारा. मी कॉर्ड शोधत नव्हतोच. मी या घरातले आवाज शोधत होतो आणि ते मलाच माहीत नव्हतं.

ते गाणं माझंच आहे, म्हणजे माझ्यावरचं. आई अफझलगंजातून रद्दी आणायची, त्यातली कोरी पानं काढून सुईदोऱ्याने माझ्या वह्या शिवायची. बाबा रात्रपाळीहून आले की ते बघायचे. त्यावर बांधलंय. शब्द त्यांचे, चाल त्यांची.

"ती तिरकी बोटं लावलीस तिथं," बाबा म्हणाले, "तिथं मला कायम वाटायचं, काहीतरी अजून पाहिजे. ते तू घातलंस. तिचं नाव काय?"

"दोन नावं आहेत. कुठून मोजतो त्यावर."

"असू दे. बसली ना?" मग म्हणाले, "चौदाला विहारासमोर मांडव हाय. बसशील का माझ्या बाजूला? लोकं ऐकतील."

मी म्हणालो, बघतो, ऑफिसचं काम असतं.

"सुट्टी असते की चौदा एप्रिलची."

"आमच्या कामाला सुट्टी कळत नाही बाबा."

आईने भाजी निवडायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. मंडळाच्या गाण्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. काढायला काय झालं होतं? समोरच तर बसले होते.

२४ मार्च, सोमवार

खरं कारण लिहून टाकतो. जयंतीला प्रत्येकाच्या हातात फोन. एकाने व्हिडिओ टाकला की दुसरा पुढे ढकलतो, आणि मिलिंद सगळं बघतो. मागे निळे झेंडे, शेजारी बाबा, मधे मी, आणि तीच चाल. संपलंच की सगळं.

काय संपलं असतं, ते मात्र मला नीट लिहिता येत नाहीये. कुणी हाकललं नसतं. कुणी वाईटही बोललं नसतं. पण "गिटार आली का" ऐवजी आता कुठे "प्रज्ञेश आला का" म्हणायला लागलेत.

५ एप्रिल, शनिवार

मिलिंदला फोन करून सांगायचं ठरवलं होतं की चाल वडिलांची आहे. फोन लावला. त्याने उचलताच विचारलं, "अरे, दुसऱ्या कडव्यात ती जादूची कॉर्ड परत घेशील ना?" मी म्हणालो, घेतो. मग पार्किंगबद्दल बोललो.

१४ एप्रिल, सोमवार

तालीम नेमकी आजच ठेवली. मिलिंद म्हणाला, "बरं झालं सुट्टी पडली, सगळे मोकळे." रसिका म्हणाली, आज शहरात नको बाई जायला, मिरवणुका असतील, डीजे असतील. तिची आई मागे एकदा अडकली होती म्हणे. मी गिटार लावत होतो. लागलेली गिटार परत लावत होतो.

यांच्यात वाईट कुणी नाही. मिलिंदने मला ताप आला होता तेव्हा घरी येऊन मऊ भात करून दिलाय. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

मधेच आईचा फोन आला. मी कापला. परत आला. परत कापला. "घरून आहे का? घे की," रसिका म्हणाली. मी म्हणालो, नंतर करतो. नंतर केला नाही.

स्वप्ना एकटी गौलीगुड्याला गेली होती, पांढरी साडी नेसून. आली आणि बराच वेळ पाय धूत बसली.

"मामांनी म्हटलं ते गाणं," ती म्हणाली. बाबांना ती मामा म्हणते. "बाजूला एक खुर्ची ठेवलेली होती. लोक बसायला गेले की म्हणायचे, नक्को, आमचा पोरगा यायलाय."

१५ एप्रिल, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. त्या खुर्चीचं काय केलं असेल शेवटी.

२ मे, शुक्रवार

काल कार्यक्रम झाला. लिहितो. लिहिल्याशिवाय आज डोकं थाऱ्यावर येणार नाही.

पडदा सरकला आणि तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन. शेजारी आई, तिच्या शेजारी स्वप्ना. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर स्वप्ना म्हणाली, "त्यांना तुझा कार्यक्रम बघायचा होता. आणू नको का?" मुद्दाम केलंस का, हे विचारायची माझी हिंमत नाही. ती हो म्हणेल.

सुरुवात केली. पहिल्या दोन कॉर्डनाच बाबा खुर्चीत पुढे सरकले. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आत्ता हे गायला लागणार. मग रसिकाने तोंड उघडलं, आणि सह्याद्री आला. बाबा हळूहळू परत मागे टेकले. ओठ हलत होते. ते त्यांचे शब्द म्हणत होते की मिलिंदचे ऐकून म्हणत होते, कळलं नाही. ती जिन्याची कॉर्ड आली तेव्हा माझी बोटं घामाने सटकली, पण लागली. नेमकी तीच नीट लागली.

टाळ्या थांबेनात. मिलिंदने माईक माझ्यापुढे धरला. "सगळ्यांच्या मनातलं विचारतो. ही चाल आली कुठून?"

इथे थांबायला जागा होती. तिसरी रांग म्हणजे काही लांब नव्हे. नुसता हात केला असता तरी चाललं असतं, "तिथून" म्हणून. लोक उठून उभे राहिले असते. बाबांना आयुष्यात एकदा एवढ्या मोठ्या हॉलने टाळ्या दिल्या असत्या.

"अशीच," मी म्हणालो. "वाजवता वाजवता सुचली."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचं थांबल्यावरही थोडा वेळ वाजवल्या. आईचे हात पदराखाली होते.

पण हे काहीच नाही. खरं पुढे आहे.

बाहेर चहा-वडे होते. मिलिंद हात पसरून आमच्याकडे आला. "काका, नमस्कार! काय मुलगा आहे तुमचा, हिरा!"

आता, माझे बाबा नमस्कार म्हणत नाहीत. कुणालाच नाही. माझ्या जन्माआधीपासून ते भेटेल त्याला जयभीम म्हणतात. डॉक्टरला म्हणतात, तेलुगू घरमालकाला म्हणतात, शेजारच्या करीमचाचांना म्हणतात. डेपोतला एक साहेब चिडायचा, त्याला तर दिवसातून चारदा म्हणायचे. त्यापायी बदली झाली, तिथे जाऊन तिथल्या साहेबाला म्हणाले. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. मोठा झाल्यावर मी त्यांच्यासोबत दवाखान्यात जायचं टाळलं.

बाबांनी मिलिंदकडे पाहिलं. मग एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला माहीत नाही. पण त्यांनी ते वाचलं.

हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार."

वर शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. "मुलगा पहिल्यापासून हुशार आहे."

आहे म्हणाले. हाय नाही, आहे. मी वडा हातात घेऊन उभा होतो. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात, ते उगाच नाही म्हणत. मला वाटलं होतं ते आले तर माझी लाज काढतील. त्यांनी झाकली. माझ्या वडिलांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी, माझ्यासाठी, आपलं तोंड बदललं. आणि मला त्या क्षणी काय वाटलं ते पण लिहितो, कारण इथे तरी खरं बोलायचं. सुटलो, असं वाटलं. आधी ते वाटलं. बाकीचं नंतर.

४ मे, रविवार

व्हिडिओ फिरतोय. ऑफिसातही आला. मिलिंद विचारतो, "अशा आणखी आहेत का रे पोतडीत?" आहेत. बाबांच्या वहीभर आहेत.

गौलीगुड्याला फोन केला. आईने घेतला. बाबा झोपलेत म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. आज गेलोच. पांढरा शर्ट घातला, स्वप्ना बरोबर आली. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, मग गाणी. मी मनाशी ठरवून गेलो होतो की बाबांना बाजूला घेऊन पाय धरायचे. पण तिथे माणसं होती, आणि बाबा माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते. खीर घेतलीस का, उन्हातून आलास, पाणी पी. त्यांच्यात काडीचाही फरक नव्हता, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

गल्लीतली अश्विनी, बारावीला आहे, फोन घेऊन आली. विहारात बाबांच्या मागे तीच गाते हल्ली. "आजोबा, हे बघा, अंकलचं गाणं! आपलं वहीचं गाणं पण सेम यावरच आहे ना? तुम्ही अंकलच्या चालीवर बसवलं का?"

सगळे बघायला लागले. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"हौ," बाबा म्हणाले. "त्याचीच चाल हाय. मी आपले शब्द घातले वरून."

कुणीतरी म्हणालं, मग म्हणा की किशनराव, पोरगा पण आलाय. बाबांनी पेटी पुढे ओढली आणि दुसरंच गाणं धरलं. आईने झील लावली नाही. ती उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिली. मी गेलो तिच्यामागे.

"त्या दिवसापास्नं म्हणलं नाही त्यांनी ते," आई म्हणाली. "मी म्हणलं, कामून? तर म्हणले, सरू, आता ते तिकडं मोठ्या लोकांत गेलंय. आपण म्हणलो तर लोकं म्हणतील, म्हाताऱ्यानं पोराचं उचललं. नाहीतर मग पोराला खोटं पाडतील. दोन्ही नको." तिने चप्पल घातली, काढली. "माझ्या शिवलेल्या वहीचं गाणं होतं रे ते. मला तरी विचारायचं."

मी रडलो. चाळीस वर्षांचा घोडा, चपलांच्या ढिगात. आईने डोक्यावर हात ठेवला नाही. बरं केलं.

१३ मे, मंगळवार

मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. इथे उतरवून ठेवतो.

"एक सांगायचं राहिलं होतं. एक मेच्या गाण्याची चाल माझी नाही. माझे वडील श्री. किशनराव बिलोलीकर यांच्या एका जुन्या भक्तिगीताची आहे. श्रेय त्यांचं. चुकीबद्दल माफी असावी."

पाठवल्यावर छातीवरचा दगड उतरला. पटापट टाळ्या आल्या, हार आले. रसिकाने लिहिलं, किती मोठं मन. मिलिंदने लिहिलं, "काकांना साष्टांग! भजनी मंडळ आहे का त्यांचं? पुढच्या वेळी त्यांनाच बोलावू." मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

स्वप्नाला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, "बरंय" म्हणाली आणि इस्त्री करायला गेली. हिला काही म्हणून पुरत नाही. एवढं केलं, तरी पूर्ण मार्क नाहीत.

रात्री पोटभर जेवलो. किती दिवसांनी.

१८ मे, रविवार

बाबांना मेसेज दाखवायला गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो.

ते बाजेवर बसले होते. फोन हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला, डेपोतली नोटीस वाचायचे तसा. "श्री. किशनराव" वाचून हसले. मग बोट थांबलं.

"भक्तिगीत?"

मी पण वाकून पाहिलं.

"भक्तिगीत हाय का ते?" चिडून नव्हे. खरंच विचारत होते, जणू मी शिकलेला, मला माहीत असेल.

मी पाच दिवस तो मेसेज पुन्हापुन्हा वाचला होता. शप्पथ सांगतो, तो शब्द मला एकदाही खटकला नव्हता. इतका सहज लिहिला गेला होता. नाव घातलं, श्री. घातलं, माफी घातली, आणि गाण्यातल्या भीमालाच गाळलं. स्वप्नाने पहिल्यांदा वाचलं तेव्हाच तिला दिसलं होतं. आता कळलं ते "बरंय."

"दुसरा लिहितो," मी म्हणालो.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तुला तिथं राहायचंय. रोज उठून त्याच लोकांत जायचंय. मला काय, मी म्हातारा माणूस. राहू दे बाळा, मला कळतंय."

त्यांना कळतंय, हेच सहन होईना. रागावले असते तर मी कदाचित काही लिहिलं नसतं, त्यांचा राग घेऊन घरी आलो असतो आणि महिनाभर मीच किती बिचारा म्हणून फिरलो असतो. पण ते समजूत घालत होते. माझी. तेही, चहात साखर किती टाकायची ते मला विचारत.

फोन त्यांच्या हातून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. "ते भक्तिगीत नाही. भीमगीत आहे. आम्ही बौद्ध. मिलिंद, तू मार्चमध्ये विचारलं होतंस तेव्हा मी नुसता हसलो होतो. ते उत्तर नव्हतं." चुका बघितल्या नाहीत. पाठवून दिलं.

काही हलकं वाटलं नाही या वेळी. उद्या लिफ्टमध्ये कोण भेटेल, कोण जास्त गोड बोलेल, हे सगळं आत्ताच दिसायला लागलं. आणि हे लिहायला मला दोन महिने आणि माझ्या बापाचं एक गाणं लागलं, याची लाज या मेसेजने जाणार नाही, ती राहणार.

फोन वाजला. परत वाजला. मग लागोपाठ वाजायला लागला. माझी बघायची छाती झाली नाही. बाबांच्या हातात दिला आणि तोंड धुवायला मागे नळावर गेलो.

परत आलो तर आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. बाबांचं बोट एका ओळीवर होतं आणि ते हळूहळू वाचत होते. कोण काय म्हणालं ते मी विचारलं नाही. त्यांनी मान वर न करताच बाजेवर जरा सरकून मला जागा केली.